वाफेची इंजिने : बागेतली आणि मोतीबागेतली

एकमेकांचा सदरा मागून धरून 'कुऽऽक' करीत अंगणभर धावले नाही असे मूल आपल्याकडे शोधून सापडायचे नाही. गंमत अशी की, हा खेळ खेळणाऱ्या आजच्या बहुतेक मुलांनी वाफेवर धावणारे इंजिन कधी पाहिलेले नसते. मीही पाहिलेले नाही. नागपूरसारख्या रेल्वेच्या गावात जन्मून आणि तेरा वर्षे इंजिनाच्या भट्टीत कोळसा मारलेल्या माणसाच्या मांडीवर वाढूनही मी धावते वाफेचे इंजिन पाहिले ते मोबाईलच्या पडद्यावर, आणि तेसुद्धा अमेरिकेतल्या एका करमणुकीच्या बागेतले! या विसंगतीतूनच प्रस्तुत लेख लिहावासा वाटला.

तो माणूस म्हणजे माझे आजोबा. आम्ही त्यांना आबाजी म्हणतो. ते मूळचे भिवापूरकडचे. तिसरीत शाळा सुटली. १९७० साली मोतीबागेच्या लोको शेडमध्ये ते खलाशी म्हणून लागले. आधी काही वर्षे इंजिने पुसणे, राख उपसणे, पाणी भरणे, नंतर फायरमन. पुढे डिझेल आले आणि भट्टी सुटली. वडील इतवारीत धान्याच्या दुकानात काट्यावर आहेत. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिली. त्यामुळे अभ्यासातले काही अडले तर घरात कोणाला विचारावे, हा माझा नेहमीचा प्रश्न. या लेखाच्या बाबतीत मात्र उलटे झाले. पुस्तकात जे सापडेना ते घरात खाटेवर बसून चहा पीत होते.

विषयाकडे वळण्यापूर्वी आपल्या छोट्या लाईनीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. कारण पुढे ज्या बागांचा उल्लेख येणार आहे त्यांना नेमकी अशाच छोट्या लाईनीची इंजिने हवी होती. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली. १८८७ साली बेंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि पूर्वेकडच्या मार्गाची सूत्रे तिच्याकडे गेली. या कंपनीची आद्याक्षरे, म्हणजे 'बीएनआर', आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहेत. मोठ्या लाईनीला जोडून कंपनीने सातपुड्याच्या जंगलात आणि पठारावर छोटी लाईन टाकली. मोठ्या लाईनीच्या रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर, तर छोट्या लाईनीचे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. गोंदिया ते जबलपूर हा मार्ग १९०३ ते १९०५ या काळात सुरू झाला. नागपूर-नागभीड १९०८ साली. पुढे छिंदवाड्याची लाईन आली. बालाघाटचे मँगनीज, छिंदवाड्याकडचा कोळसा, जंगलातले लाकूड आणि बांबू या लाईनींवरून उतरत असे. भिवापूरच्या मिरचीची पोती भरली की डब्यातल्या सगळ्या प्रवाशांना शिंका येत, असे आजी सांगे.

अडीच फुटी लाईनीचे महाराष्ट्राला तसे नवल नव्हते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे सुरू करून दाखविले होते की, वजन सर्व चाकांवर सारखे वाटून दिले तर अशी गाडी स्वस्तात चांगला माल वाहू शकते. आपल्या विदर्भातली यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही 'शकुंतला' याच मापाची. कपाशीसाठी टाकलेल्या या मार्गावर मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढत होते. सत्तर वर्षे एकाच कामाला जुंपलेला नोकर कोणत्या कचेरीत सापडेल?

छोट्या लाईनीचा गुण असा की, ती अरुंद जागेत वळते. डोंगराच्या कडेने जाणाऱ्या रुळांना हे जसे सोयीचे, तसेच एखाद्या बागेभोवती फिरणाऱ्या रुळांनाही. इंजिन आकाराने लहान, पण खेळणे नव्हे. खरा बॉयलर, खरी भट्टी, खरी शिट्टी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत रस्ते वाढले, मोटारी वाढल्या, लहान रेल्वेमार्ग भराभर बंद पडले आणि त्यांची इंजिने भंगारच्या भावात निघाली. त्याच सुमारास तिकडे करमणुकीच्या मोठाल्या बागा उभ्या राहू लागल्या होत्या. एकाला नको झालेली वस्तू दुसऱ्याला हवीशी झाली, इतका साधा हा व्यवहार आहे.

या बागांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे वॉल्ट डिस्ने यांची कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड. डिस्ने यांना आपण मिकी माऊसमुळे ओळखतो. पण या गृहस्थांना आगगाडीचे विलक्षण वेड होते. त्यांनी स्वतःच्या घराच्या आवारात बसून जाता येईल अशी वाफेची छोटी गाडी बनवून घेतली होती. १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले त्याच दिवशी बागेला वळसा घालणारी आगगाडीही सुरू झाली. पहिली दोन इंजिने त्यांनी नवी बनविली. पुढे मात्र जुनी इंजिने विकत घेऊन ती दुरुस्त करणे त्यांना बरे वाटले. त्यांपैकी एक १८९४ साली बाल्डविन या प्रसिद्ध कारखान्यात बनलेले. ते पूर्वी लुइझियानातील मळ्यावर ऊस वाहत असे. १९५८ पासून ते बागेत माणसे वाहते आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी फ्लोरिडात त्यांची दुसरी बाग उघडली. तिच्यासाठी १९६९ साली मेक्सिकोतील युकातान प्रांतातून बाल्डविनचीच चार इंजिने आणली गेली. सर्वांत जुने १९१६ सालचे, सर्वांत नवे १९२८ सालचे. युकातान हा घायपाताचा मुलूख. घायपातापासून दोर निघतो, आणि त्या दोराच्या व्यापारावर तिथले मळेवाले गबर झाले. मळ्यात राबणारे मात्र गरिबीतच राहिले. आज त्याच इंजिनांना लाल-हिरवा रंग आहे, पितळ आरशासारखे घासलेले आहे आणि एकाला डिस्ने यांच्या पत्नीच्या नावावरून 'लिली बेल' असे नाव दिले आहे. उसाचा किंवा घायपाताचा तिथे मागमूस नाही.

हे वाचताना प्रथम मला रागच आला. ज्या यंत्राने कष्ट वाहिले त्याला असे नटवून मुलांपुढे नाचवायचे, ही कसली इतिहासाची आवड? आमच्या इतिहासाच्या सरांना मी तसे म्हणालेही. सर म्हणाले, "राग लिही, पण आधी ते इंजिन आज कोण चालवते ते बघ." म्हणून मी मोबाईलवर एक चित्रफीत शोधली आणि ती आबाजींना दाखविली. कारण मला त्यातले काहीच समजत नव्हते.

आबाजींनी चष्मा लावला, मोबाईल कानाजवळ धरला. डोळ्यांजवळ नव्हे, कानाजवळ! "थांब, आवाज वाढव वो माय," म्हणाले. मग बोटांनी खाटेच्या ठाव्यावर ताल धरला. "एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार. ऐकून राह्यली का? चारही ठोके सारखे हायेत. व्हॉल्व्ह बराबर बसवले त्यायनं." मी विचारले, चारच का? तेव्हा त्यांनी जे सांगितले ते मी नंतर पुस्तकात ताडून पाहिले आणि ते तंतोतंत जुळले. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एकेक सिलिंडर असतो. त्यातल्या दट्ट्याला वाफ एकदा पुढून ढकलते, एकदा मागून. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात दोन सिलिंडरांचे मिळून चार ढकले, आणि प्रत्येक ढकल्यानंतर वापरलेली वाफ धुराड्यातून फुसकन बाहेर पडते. 'झुक-झुक' म्हणतात तो हा आवाज. ठोके सारखे नसतील तर वाफ आत सोडणारे व्हॉल्व्ह बिघडले, असे जाणत्याला डोळे मिटून कळते. जी झुकझुक आपण खेळात तोंडाने काढतो ती इंजिनाची नाडी आहे, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळले.

पुढे ते म्हणाले, "कोळसा नाई टाकून राह्यला थो. तेलावर हाय हे." हेही खरे होते. डिस्नेलँडची इंजिने तेलावर चालतात, आणि अलीकडे तर बागेच्या उपाहारगृहांतून तळणीला वापरून झालेल्या तेलापासून केलेले जैविक इंधन त्यांना घातले जाते. (आमच्या गल्लीतल्या भजीवाल्याने ही बातमी अवश्य वाचावी.) मग एका जागी चित्रफितीतला फायरमन मान वळवून वर पाहतो. आबाजी एकदम हसले. "पाह्य, काचेकडे पाह्यलं त्यानं. इकडं का तिकडं, पाह्याच लागते."

ही 'काच' म्हणजे बॉयलरमधील पाण्याची पातळी दाखविणारी काचेची नळी. वाफेच्या इंजिनाचे सारे शास्त्र आणि सारी भीती या वीतभर नळीत आहे, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. बॉयलर म्हणजे पाण्याने भरलेले लोखंडी पिंप. त्याच्या मागच्या टोकाला भट्टी असते, आणि भट्टीतला जाळ पिंपात बसविलेल्या अनेक नळ्यांमधून पुढे धुराड्याकडे जातो. नळ्यांभोवतीचे पाणी उकळते. पाण्याची वाफ झाली की मोकळ्या हवेत तिला मूळच्या सोळाशेपटींहून अधिक जागा लागते. ती जागा मिळू न देता कोंडून धरली की तिच्यात जोर येतो. भट्टीच्या छतावर मात्र नेहमी पाणी असावे लागते. ते कमी होऊन छत उघडे पडले तर लोखंड लाल होते, मऊ पडते आणि वाफेच्या दाबाखाली फाटते. असे होऊ नये म्हणून छतात शिशाचा एक प्लग बसवितात. पाणी उतरले की शिसे वितळते, वाफ भट्टीत शिरते आणि इशारा मिळतो. शेडच्या भाषेत हा 'लेड प्लग'. लेड प्लग जळणे ही फायरमनच्या आयुष्यातली मोठी नामुष्की.

आता छिंदवाड्याची लाईन पाहा. सौंसरच्या पुढे सातपुड्याची चढण लागते. चढावर इंजिनाचे तोंड वर असते, त्यामुळे पाणी मागे, भट्टीच्या बाजूला येते आणि काच भरलेली दिसते. नवशिक्या फायरमनला वाटते, पाणी भरपूर आहे. पण चढ संपून उतार लागला, की तेच पाणी पुढे पळते आणि भट्टीचे छत उघडे पडू लागते. म्हणून माथा येण्यापूर्वीच, काच भरलेली दिसत असतानाही, आणखी पाणी घ्यावे लागते. पण थंड पाणी घेतले की वाफ पडते, आणि चढावर वाफ पडली तर गाडी उभी राहते. म्हणजे वाफही टिकवायची आणि पाणीही वाढवायचे. हा हिशेब कागदावर मांडायला मला अर्धे पान लागले. तिसरी शिकलेला माणूस तो रात्री, कंदिलाच्या उजेडात, हलत्या पायपाटीवर उभा राहून करीत असे.

कोळसा मारण्याचेही तसेच. मी समजत होते की जितका कोळसा जास्त तितका जाळ जास्त. आबाजी म्हणतात, तसे करणारा संध्याकाळपर्यंत शेडभर चेष्टेचा विषय होतो. थोडा आणि वारंवार, कोपऱ्यांत जास्त, मध्ये कमी. जाळ पातळ आणि पांढरा हवा. धुराड्यातून काळा धूर निघाला म्हणजे कोळसा न जळता वाया चालला. चित्रांत इंजिनाचा काळाभोर धूर मोठ्या हौसेने काढलेला असतो. त्या चित्रांतले सगळे फायरमन कच्चे म्हणायचे!

याच ठिकाणी माझा सुरुवातीचा राग थोडा निवळला. इंजिन बागेत नटवून धावविले तरी बॉयलरला ते नटणे कळत नाही. बागेतल्या फायरमनलाही काचेकडे पाहावेच लागते, लेड प्लग सांभाळावाच लागतो, नळ्यांवर साठलेला क्षार धुवावाच लागतो आणि ठरल्या मुदतीने बॉयलरची चाचणी द्यावीच लागते. एक प्रवासी ओढला काय नि शंभर पोती ओढली काय, विद्या तीच. अमेरिकेतच नॉर्थ कॅरोलायनात 'ट्वीट्सी' नावाची बाग आहे. तिथे डोंगरातून जाणारी एक लहान रेल्वे १९५० साली बंद पडली. तिचे १९१७ सालचे, बारा नंबरचे इंजिन वाचले, आणि १९५७ पासून ते याच बागेत धावते आहे. गाडीवर खोटे दरोडेखोर हल्ला करतात, मुले किंचाळतात, असा सगळा पोरखेळ आहे. पण त्या बागेच्या कारखान्यात वाफेच्या इंजिनांची अशी पक्की दुरुस्ती होते की, दुसऱ्या बागा आपली इंजिने दुरुस्तीला तिथे पाठवितात. म्हणजे पोरखेळाच्या पैशावर एक कारखाना जगला, आणि कारखान्यामुळे नव्या पोरांच्या हाती ती कारागिरी आली. टेनेसीतल्या 'डॉलीवूड' बागेत तर पूर्वी अलास्काकडच्या मार्गावर धावलेली इंजिने अनेक वर्षे कोळशावर चालविली गेली. तिथे फायरमनला आबाजींप्रमाणेच फावडे मारता यावे लागे.

आपल्याकडे काय परिस्थिती आहे? चित्तरंजनच्या कारखान्यात वाफेची इंजिने बनणे १९७२ साली थांबले, आणि विसावे शतक संपता संपता नेहमीच्या गाड्यांवरून ती जवळजवळ नाहीशी झाली. तरी सगळे विझले असे नाही. दार्जिलिंगची गाडी १८८१ पासून आहे, आणि १९९९ साली ती जागतिक वारसा ठरली. १८५५ साली लीड्स येथे बनलेले 'फेअरी क्वीन' १९९७ साली पुन्हा रुळांवर आले. निलगिरीच्या दाती-रुळाच्या मार्गासाठी तर त्रिचीच्या गोल्डन रॉक कारखान्याने २०११ पासून वाफेची इंजिने नव्याने बांधली. जुने मोडकळीला आले, तेव्हा हुबेहूब नवे केले! यावर कोणी म्हणेल की, नवे बांधलेले इंजिन जुन्याची सर कसे देणार? हा प्रश्न बागांतल्या इंजिनांनाही लागू आहे, कारण त्यांचे बॉयलर, नळ्या, चाकांचे पट्टे कितीदा तरी बदलले आहेत. मी हा प्रश्न आबाजींपुढे ठेवला. त्यांनी तोंडातली कवळी काढून हातात घेतली आणि मला दाखविली. "मंग मी कोन हाय?" असे काहीसे ते म्हणाले, कवळीशिवाय नीट कळले नाही.

करमणुकीच्या बागेच्या सर्वांत जवळ जाणारे आपल्याकडील उदाहरण दिल्लीचे आहे. चाणक्यपुरीत १९७७ साली उघडलेल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पतियाळा संस्थानची एकरुळी गाडी आहे. तिचे एक चाक रुळावर, तर दुसरे मोठे चाक रस्त्यावर चालते. तिचे जर्मनीत बनलेले इंजिन अनेक दशके अडगळीत पडले होते. अमृतसरच्या रेल्वे कारखान्याने ते दुरुस्त केले आणि संग्रहालयाच्या आवारात वाफेवर चालवून दाखविले. महाराष्ट्रात माथेरानची गाडी १९०७ पासूनची. तिच्यासाठीही जर्मनीहूनच इंजिने आणली होती, आणि ऐंशीच्या दशकात ती डिझेलला जागा देऊन थांबली. चारपैकी एक सातासमुद्रापार इंग्लंडला गेले. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली 'फुलराणी' सुरू झाली आणि पुण्यातल्या कित्येक मुलांचा पहिला रेल्वेप्रवास तिच्यातूनच घडला. आगगाडी आणि बाग यांची सोयरीक आपल्यालाही परकी नाही, हे यावरून दिसेल.

आणि आमचे नागपूर? छिंदवाड्याची छोटी लाईन २०१५ साली आणि नागभीडची २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद झाली. मोठी लाईन हवी होती यात शंका नाही. भिवापूर-उमरेडच्या ज्या मुली रोज शिकायला नागपूरला येतात त्यांना जुन्या गाडीच्या आठवणींपेक्षा वेळेवर येणारी गाडी अधिक मोलाची आहे, आणि मीही त्यांच्याच बाजूची. पण लाईन जाण्याच्या आधीच, २००२ साली, मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय उघडले गेले, ही मोठी दूरदृष्टीची गोष्ट झाली. कडबी चौकाजवळचे हे ठिकाण नागपूरकरांनी जितके पाहायला हवे तितके पाहिलेले नाही. छोट्या लाईनीची इंजिने, डबे, सिग्नलांची साधने तिथे नीट ठेवली आहेत आणि आवाराभोवती मुलांसाठी एक छोटी गाडी फिरते.

दिवाळीच्या सुट्टीत मी आबाजींना तिथे घेऊन गेले. निवृत्त झाल्यावर त्या बाजूला ते गेले नव्हते. का गेला नाहीत, असे विचारले की विषय बदलत. वाफेच्या इंजिनाजवळ गेल्यावर ते काही वेळ नुसतेच उभे राहिले. मला वाटले, आता डोळ्यांत पाणी येणार. पण ते म्हणाले, "रंग लय चांगला देला. आमच्या टायमाले असा रंग कधीच नव्हता." मग वाकून चाकाच्या दांड्याखाली पाहू लागले. तेलाच्या कुप्या कुठे असतात ते मला दाखविले. उजव्या हाताच्या मनगटावरचा जुना पांढरा डाग कोणत्या झडपेच्या वाफेने झाला तेही सांगितले. मी तो डाग लहानपणापासून पाहत होते. तो जन्मखूण असावा असेच समजत होते.

आमच्या शेजारी एक कुटुंब उभे होते. त्यांच्या पाच-सहा वर्षांच्या मुलाने विचारले, "हे चालतं कसं?" त्याच्या वडिलांनी पाटी वाचून दाखविली. संग्रहालयातल्या पाट्या जगभर एकाच पद्धतीच्या असतात : कोणत्या कारखान्यात बनले, कोणत्या साली, कोणत्या वर्गाचे. मुलाचे समाधान झाले नाही. आबाजींनी त्याला जवळ बोलावले, स्वतःच्या तोंडावर हात धरून फुंकर मारायला सांगितले, गाल कसे फुगतात ते दाखविले, आणि "असंच हाय आतमंदी" म्हणाले. मग मुलगा, त्याची बहीण, त्यांची आई असे सगळे आबाजींभोवती जमले. अर्धा तास झाला तरी हलेनात. छोटी गाडी दोनदा येऊन गेली.

ती छोटी गाडी वाफेवर चालत नाही, आणि या ठिकाणी मला माझे मत मांडावेसे वाटते. एखादे लहानसे इंजिन मोतीबागेत वाफेवर धावले, महिन्यातून एखाद्या रविवारी का होईना, तर ते नागपूरला शोभेल. खर्च आहे, धुराचा प्रश्न आहे, आणि बॉयलर ही हलगर्जीपणाने हाताळायची वस्तू नव्हे. हे सगळे मान्य. धुरावर तेलाचा उपाय निलगिरीने आणि डिस्नेलँडने दाखविला आहे. नवे इंजिन बांधणारे कारागीर त्रिचीला आहेत. खर्चाचे उत्तर माझ्याजवळ नाही. माझ्या आतेभावाचे म्हणणे, तेवढ्या पैशात एक शाळा दुरुस्त होईल. तो चूक आहे असे मला म्हणता येत नाही. पण एका बाबतीत घाई आहे. लोखंड थांबू शकते. रंग दिला, तेल दिले तर आणखी शंभर वर्षे उभे राहील. काच पाहणारी माणसे तितकी थांबणार नाहीत. आबाजींच्या बरोबर शेडमध्ये असलेल्यांपैकी आमच्या वस्तीत आता दोघे उरले आहेत, आणि त्यांतल्या एकांना ऐकू येत नाही. ट्वीट्सीच्या कारखान्यात जुने माणूस नव्याच्या हाती हात धरून शिकवू शकले, कारण तिथले इंजिन कधी पूर्ण थंड झाले नाही. आपल्याकडे ते थंड झाले आहे. उद्या पैसे मिळाले, इंजिनही मिळाले, तरी चढाचा माथा येण्यापूर्वी पाणी घ्यायचे असते हे सांगायला कोण असेल?

म्हणून संग्रहालयातून परतल्यावर मी एक दोनशे पानी वही आणली. रोज संध्याकाळी आबाजी सांगतात आणि मी लिहिते. थंड इंजिन पेटविण्यापासून सुरुवात केली. पहिले काम जाळाचे नाहीच. आधी काचेतले पाणी पाहायचे, आणि काच खोटे बोलत नाही ना हे खालची तोटी उघडून तपासायचे. मग भट्टीत डोके घालून नळ्या गळतात का, लेड प्लग ठीक आहे का ते पाहायचे. कालची राख आणि चिकटलेला कीट काढायचा. मग कोळशाचा पातळ थर, त्यावर लाकूड, तेलात भिजविलेले जूट आणि काडी. पेटल्यावर घाई करायची नाही. लोखंड सगळीकडे सारखे तापले पाहिजे, नाहीतर सांधे सुटतात. चार-पाच तास लागतात. त्या वेळात फायरमनने बसून राहायचे नसते, तेल घालायचे असते. आणि तेलाच्या जागा किती, कोणत्या क्रमाने आणि कोणती जागा नवीन माणूस हमखास विसरतो, हे प्रत्येक इंजिनाचे वेगळे असते.

वहीची चाळीस पाने भरली आहेत. आबाजी अजून डाव्या बाजूच्या तेलाच्या कुप्यांपर्यंतच आले आहेत.